साडेपाचशेचा कोयता, दीडशेची आकडी

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरामागे अठ्ठावीस काजू, चार फणस आणि माणग्याची, म्हणजे एका जातीच्या बांबूची, दोन बेटं आहेत. काका होते तोवर बागेत रोज कोणाच्या तरी हातात कोयता असायचा. ते गेल्यावर तीन पावसाळे कोणी आत शिरलं नाही आणि रानमोडीचं तण काजूच्या खालच्या फांद्यांपर्यंत चढलं. या वर्षी भावंडांचं ठरलं की मे महिन्यात चार दिवस सगळ्यांनी जायचं आणि बाग मोकळी करायची. घरातला जुना कोयता दगडावर ओढून ओढून कोयतीएवढा झाला होता. नवा आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्यात असतो आणि पुण्यात सगळं मिळतं असा गावी समज आहे.

मिळतंही. काळं पातं, रबरी मूठ आणि नायलॉनचं म्यान असलेली मॅशेटी दोन-अडीच हजारांत घरपोच येते. पण एका मित्राची मी वापरून पाहिली होती. ते हत्यार मुळात लॅटिन अमेरिकेतलं, ऊस, गवत आणि ओल्या वेलींसाठी घडलेलं. पातं लांब आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड. केळीवर ते छान चालतं, भरीव बांबूवर मारलं की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. माणगा बुंध्याशी जवळजवळ भरीवच असतो. म्हणून गावाजवळच्या लोहाराकडेच जायचं ठरवलं. एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी जाऊन कोयता आणि तो कमरेला अडकवायची लाकडी आकडी घेऊन आलो. कोयत्याचे साडेपाचशे, आकडीचे दीडशे. घासाघीस केली नाही. केली असती तर पुढच्या फेरीला तोंड दाखवायला लाज वाटली असती.

पुढे जायच्या आधी कोयता या शब्दाबद्दल एक खुलासा, कारण तो महाराष्ट्रात जागोजागी वेगळा आहे. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, एकटं माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, कोयत्यावर ठरते. तो कोयता हलका आणि पातळ, उसाची कांडी एका फटक्यात तोडायची आणि पाचट सोलायचं एवढ्यासाठी. कोकणातला कोयता लाकडाचा आहे. पाठ जाड, वजन पुढे आणि शेंड्याला आत वळलेली चोच. चोचीने फांदी ओढायची, पोटाने तोडायची, मुठीजवळच्या धारेने तासायचं. कुऱ्हाडीची निम्मी कामं आणि विळ्याची निम्मी कामं एकाच पात्यात घेतलेली आहेत.

माझ्या कोयत्याची मापं मी घरी येऊन घेतली, कारण मी तशा स्वभावाचा आहे. धार २८ सेंटिमीटर. सगळ्यात रुंद जागी पातं साडेपाच सेंटिमीटर. पाठ मुठीशी साडेसहा मिलिमीटर, चोचीकडे चार. वजन ७६० ग्रॅम. बोटावर तोलला तर मुठीच्या पुढे नऊ सेंटिमीटरवर समतोल साधतो, म्हणजे हात सैल सोडला की तो आपोआप पुढे झुकतो. पातं ट्रकच्या कमानपाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचं. त्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त असतो, म्हणजे पाणी दिल्यावर (तापवून झटकन थंड केल्यावर) ते धार धरण्याइतपत कडक होतं आणि दगडावर आपटलं तरी काचेसारखं तडकत नाही. भंगारातल्या पाट्यात जुनी, डोळ्याला न दिसणारी चीर असू शकते. लोहाराने तुकडा निवडताना तो ऐरणीवर टाकून आवाज ऐकला होता. बद्द वाजलेला एक तुकडा त्याने न बोलता बाजूला भिरकावला.

दिसायला कोयता ओबडधोबड होता. पात्यावर भट्टीची काळी पपडी तशीच, त्यावर हातोड्याचे खळगे. मुठीच्या तोंडाशी लोखंडी साम, म्हणजे कडं, बसवलेली, तिचा जोड दिसत होता. आणि धार म्हणावी तर धारच नव्हती, अंगठा निवांत फिरवता येत होता. त्यातही मला एक गोष्ट खटकली. धार मधोमध नव्हती. उजव्या अंगाने घासलेली होती आणि डावं अंग जवळजवळ सपाट होतं. मला वाटलं, घाईघाईत एकच बाजू केली आणि दिला ठोकून.

देताना लोहार म्हणाला होता, “धार घरी काढा. दगडावर, पाणी मारून. आठ दिवस चालवा नि मग घेऊन या, काय कमीजास्त असंल तर करून देतो.”

मी ते ‘गिऱ्हाइकाला कटवायचं वाक्य’ म्हणून ऐकलं. या सगळ्या प्रकरणातली माझी खरी चूक तीच. बाकीच्या तिच्या पोटी आल्या.

आकडीबद्दल

आकडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: वीतभर लांबीचा, चार बोटं रुंदीचा लाकडी ठोकळा, त्यात वरून खालपर्यंत आरपार फट, आणि दोन्ही कडांना दोरी ओवायला भोकं. दोरी कमरेला बांधायची, ठोकळा पाठीमागे माकडहाडाच्या जरा वर येतो. कोयता वरून फटीत सोडला की पातं खाली सरकतं आणि साम फटीच्या तोंडावर अडकते. पातं उघडंच लोंबत राहतं. काही ठिकाणी ठोकळ्याऐवजी नुसता लोखंडी किंवा पितळी आकडा असतो, नावही त्यावरूनच पडलं असावं. कोकणातून गोव्यापर्यंत रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला मागे ही वस्तू दिसते.

माझी आकडी शिवणीच्या लाकडाची. हलकी, सरळ रेषेची, फट आतून कानशीने गुळगुळीत केलेली. काम सुबक होतं हे मान्य केलं. पण म्यान म्हणजे पातं झाकणारी वस्तू, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. अकरा इंचांचं उघडं पोलाद आपल्याच मांडीच्या मागे लोंबतंय, ही कल्पना मला सहन होईना. बायकोने बघून एवढंच विचारलं, “हे बांधून तुम्ही बसणार कसे?” प्रश्न रास्त होता.

ग्राइंडर

पुण्यात आल्यावर मी दगड शोधला नाही. आमच्या भागात सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारं एक दुकान आहे. कोयता कागदात गुंडाळून तिकडे नेला. दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग कोयत्याकडे आणि मग परत माझ्याकडे पाहिलं. पुण्यात अलीकडे कोयता म्हटला की बागाईत कोणाला आठवत नाही, पेपरातली गँग आठवते. मी बागेचं, काजूचं, रानमोडीचं सगळं सांगितलं. “दोन्ही बाजूंनी सारखी करून द्या,” हेही वर सांगितलं.

त्याने कोरड्या चाकावर धरला. ठिणग्यांचा मोर फुलला. मी कौतुकाने बघत उभा. पाच मिनिटांत धार अशी झाली की हातावरचे केस निघत होते. नंतर त्याने पॉलिशच्या चाकावर फिरवून धारेची पट्टी चकाकवून दिली. साठ रुपये. तो कोयता हातात घेतल्यावर पहिल्यांदाच मला वाटलं की आता पैसे वसूल झाले.

माणग्यावर

मे महिन्याच्या मध्यात गावी पोचलो. पहिल्या सकाळी रानमोडी आणि घाणेरी काढली. कोयता लोण्यातून जावा तसा गेला. चुलतभावाचा कोयता काळा, पपडी धरलेला, माझ्याची धार आरशासारखी. त्याला मी दोनदा तरी “बघ रे धार” म्हटलं असेन.

दुपारी माणग्याच्या बेटाकडे वळलो. वईसाठी, म्हणजे कुंपणासाठी, खुंट हवे होते. पाच सेंटिमीटर जाडीची काठी, बुंध्याशी तिरका घाव. पहिली काठी सात घावांत पडली. दुसरी नऊ. तिसरीला अकरा लागले आणि शेवटचे दोन-तीन घाव तर काठी तुटत नव्हती, चेचत होती. पेराच्या गाठीवर मारलेला एक घाव चक्क घसरून माझ्या बुटाच्या बाजूला जमिनीत रुतला. तिथे मी थांबलो.

पातं उन्हात तिरकं धरून पाहिलं. धार पोटाशी जवळजवळ बोटाच्या पेराएवढ्या लांबीत डावीकडे वळली होती. तुटली नव्हती. केळीच्या पानाची कड दुमडावी तशी दुमडली होती, नख लावलं तर अडकत होतं.

मी जागेवर निकाल दिला: पोलाद मऊ आहे, लोहाराने फसवलं. साडेपाचशेत दुसरं काय येणार!

चुलतभाऊ आला, त्याने माझा कोयता घेतला, आपला मला दिला. त्याच्या कोयत्याने मी पुढची काठी सहा घावांत पाडली. त्या कोयत्याने केस निघाले नसते. “हा कोणाकडचा?” मी विचारलं. त्याच लोहाराचा होता, चार वर्षांपूर्वीचा. “तू ह्याचं काय केलंस?” हा त्याचा प्रश्न मी तेव्हा कानाआड केला.

इथे एक खूणगाठ सांगण्यासारखी आहे, जी मला तेव्हा माहीत नव्हती. धारेला खांड पडली, म्हणजे तुकडा उडाला, तर पोलाद फार कडक राहिलंय किंवा दगड लागलाय. धार वळली तर ती जागा मऊ आहे किंवा धार कामाच्या मानाने फार पातळ आहे. माझ्या कोयत्यात ही दोन्ही कारणं होती आणि दोन्ही मी साठ रुपये देऊन करवून घेतली होती.

लोहारापुढे

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार घेऊन गेलो. वाटेत वाक्यंही जुळवून ठेवली होती. लोहाराने कोयता हातात घेतला, धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि वाक्यं सुरू व्हायच्या आत विचारलं, “मशीन लावलीत काय हो?”

मी म्हटलं, “धार काढून घेतली पुण्यात.”

त्याने मला जवळ बोलावलं आणि चोचीच्या आतल्या वळणावर बोट ठेवलं. तिथे पॉलिशचं चाक पोचलं नव्हतं. धारेलगत दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी होती: पात्याकडून पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळी, आणि धारेच्या अगदी कडेला मोरपिशी निळी. इतके दिवस ती माझ्या हातात होती आणि मी ती पाहिली नव्हती. मग त्याने कानस घेतली. पात्याच्या मध्यावर, धारेपासून अर्धा इंच वर, ती सर्रकन घसरली. धारेवर टेकवली तर कर्रकर्र खात गेली आणि चांदीसारखा भुगा त्याच्या मांडीवर पडला.

“पाणी गेलं ह्याचं,” तो म्हणाला.

पाणी जाणं म्हणजे काय ते थोडं उलगडून सांगतो. पोलाद लाल करून झटकन थंड केलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते परत थोडं तापवून कडकपणा हवा तेवढा उतरवतात. साफ केलेल्या पोलादावर उष्णतेप्रमाणे रंग चढतात: सव्वादोनशे-अडीचशे अंशांला वाळक्या पेंढ्याचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. धारेचं हत्यार पिवळ्या-तपकिरीवर थांबवतात. स्प्रिंग व्हायची असेल तर निळ्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे नेतात. कोरड्या चाकावर धारेची पातळ कड काही सेकंदांत निळ्यापलीकडे जाते. हाताला चटका बसत नाही, कारण मागचं पातं थंडच असतं. दुकानदाराने काही वाईट केलं नव्हतं. तो रोज स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घासतो, त्यांनी टोमॅटो कापायचा असतो. त्याला मी बागेबद्दल सांगितलं होतं, पण ते त्याने कोयता बागेचा की गँगचा एवढं ठरवण्यापुरतं ऐकलं. मीसुद्धा लोहाराचं तसंच ऐकलं होतं.

दुसरी गोष्ट आकाराची. चाक गोल, त्यामुळे धारेच्या मागे दोन्हीकडे किंचित पोकळ भाग झाला होता. लोहाराच्या धारेचा आकार उलटा असतो, भाताच्या दाण्यासारखा मधे फुगीर. पोकळ धार पहिल्या घावाला खोल जाते आणि तिथेच रुतून बसते. फुगीर धार लाकूड फाकवते आणि सुटून येते. आणि ‘एकाच बाजूची’ जी धार मी चुकीची समजून दोन्हीकडून सारखी करून घेतली, ती हेतुपूर्वक होती. उजव्या हाताचा माणूस फांदी खोडालगत छाटतो तेव्हा पात्याचं डावं सपाट अंग खोडाला लागून सरकतं आणि घाव बाहेर निसटत नाही. सुताराच्या एकअंगी किंकऱ्यासारखंच आहे हे. मी ते ग्राइंडरवर बदलून घेतलं आणि मग घाव बुटाकडे घसरला म्हणून लोहाराला बोल लावायला निघालो होतो.

जुळवून ठेवलेली वाक्यं मी गिळली.

त्याने मूठ काढली, पातं भट्टीत घातलं. भात्याच्या जागी आता विजेचा ब्लोअर आहे, पण पत्र्याच्या झापाने तो कोपरा मुद्दाम अंधारा ठेवलेला. उजेडात लाल रंग कळत नाही. आधी धार हातोड्याने ठोकून थोडी जाड करून घेतली. मग सगळं पातं तापवलं नाही, फक्त धारेकडचा दीड-दोन बोटं भाग निखाऱ्यात सरकवत नेला, चोचीपासून मुठीपर्यंत आणि परत. पिकल्या रतांब्याचा लाल रंग सगळीकडे सारखा आल्यावर सांडशीने उचलून धारेचीच बाजू जळक्या इंजिन ऑइलमध्ये बुडवली. धूर, भक्क असा आवाज, आणि तेलाचा वास जो माझ्या शर्टाला चार दिवस राहिला. पाठ बाहेरच होती, अजून तापलेली. झटकन बाहेर काढून त्याने धारेची बाजू कुरुंदाच्या तुकड्याने घासून पांढरी केली आणि आम्ही दोघं बघत बसलो. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरत होती आणि तिच्यापुढे रंगाची लाट सरकत होती. पिवळी कड धारेवर पोचली, किंचित तपकिरी झाली, आणि त्याने सगळं पातं पाण्याच्या डोणीत टाकलं. तेलापासून पाण्यापर्यंतचा हा प्रकार एका मिनिटाच्या आत झाला. धार कडक, पाठ मऊ. दगडावर आपटला तर पाठ धक्का खाते, धार टिकते.

नंतर त्याने उजव्या अंगाने कानस चालवली, दगडावर ओढली, मूठ परत बसवली. शंभर रुपये. मी दोनशे पुढे केले तर त्याने शंभर परत दिले आणि म्हणाला, “आठ दिवसांनी या म्हटलं होतं ते ह्याच्यासाठी. पहिली धार मी जाडच ठेवतो. माणूस काय तोडतो ते कळल्याबिगर बारीक करत नाय.”

म्हणजे साडेपाचशेत ही दुसरी फेरी धरलेलीच होती. कोयता मी घेतला त्या दिवशी तो अर्धाच घडलेला होता आणि उरलेला अर्धा माझ्या बागेत काय आहे ते बघून व्हायचा होता. मी त्या अर्ध्या वस्तूवर मत देऊन बसलो होतो.

उरलेले दिवस

त्याच बेटात, साधारण तेवढ्याच जाडीच्या काठ्यांवर मी परत मोजलं. सहा घाव. संध्याकाळपर्यंत वीस-बावीस काठ्या झाल्या, घाव सहाचे सातावर गेले, धार वळली नाही. चुलतभावाने तोच कोयता घेऊन चार घावांत काठी पाडली, तेव्हा दोन घावांचा दोष माझ्या खांद्याचा. वाळक्या काजूच्या फांदीला पहिल्या फटक्यात चोच अडकते, मूठ थोडी वर दाबली की सुटते. एकदा गडग्याच्या, म्हणजे कुंपणभिंतीच्या, जांभ्या दगडावर बसला आणि तांदळाएवढी खांड पडली. ती दगडावर दहा मिनिटांत गेली.

मुठीचं मात्र बरं नाही. लाकूड पुरतं वाळलेलं नसावं. तिसऱ्या दिवशी साम खुळखुळायला लागली. काकीने रात्री कोयता बादलीत उभा करून ठेवायला सांगितलं, सकाळी लाकूड फुगून मूठ घट्ट. पण हा रात्रीपुरता उपाय. पावसाळ्यात फुगेल, दिवाळीनंतर परत सैल होईल. शेवटी लाख वितळवून पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या शेपटाभोवती ओतली, तेव्हापासून हललेली नाही. मुठीच्या टोकाचं बोंडही माझ्या करंगळीला लहान पडतं, घामाने हात निसटू पाहतो. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे. दिसायला वाईट, हाताला चांगली.

आणि चीक. फणसाची फांदी तोडल्यावर पातं दोन्ही बाजूंनी चिकट झालं, त्यावर रानमोडीची पानं चिकटली, त्यावर माती. खोबरेल लावून चिंधीने पुसल्याशिवाय तो जात नाही. तेच तेल गंजालाही आडवं येतं. एक रात्र विसरलो तर सकाळी नारिंगी ठिपके. भट्टीची काळी पपडी जिथे शाबूत होती तिथे एकही ठिपका नव्हता, ज्या ओबडधोबडपणाला मी नाकं मुरडली होती त्यानेच पात्याचा निम्मा भाग राखला.

आकडीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दोन दिवस मी कोयता हातातच घेऊन फिरलो, किंवा जमिनीवर टेकवून ठेवायचो आणि मग पाल्यात शोधायचो. एकदा तो पाल्याखाली होता आणि पुतण्या त्याच्यावर पाय देणार होता. त्यानंतर आकडी बांधली. अर्ध्या तासात हाताला सवय लागते. तोडलं, उजवा हात मागे, पात्याची चोच फटीत, सोडून दिला, दोन्ही हातांनी फांदी ओढली. बघावं लागत नाही, बटण नाही, पट्टा नाही. लाकडाला साम लागल्याचा टक्क आवाज आला की कोयता जागेवर आहे. चीक लागलेलं पातं झाकलेल्या म्यानात घातलं असतं तर आत चिकटून बसलं असतं. पावसात चामड्याचं म्यान ओलं राहून पात्याला गंजवतं, इथे पाणी थेट खाली निथळतं. दमट मुलखातल्या ओल्या, चिकट कामासाठी म्यान उघडंच हवं, हे मला शिकवायला दोन दिवस आणि एक पुतण्या लागला.

बायकोचा प्रश्न उरतोच. आकडी बांधून बसायचं नाही, हेच उत्तर आहे. बसायच्या आधी कोयता काढून खुंटाला अडकवायचा. चढावर वाकताना चोच गुडघ्यामागे टेकते, म्हणून दोरी आखूड बांधून ठोकळा वर घ्यायचा. उतारावर घसरून पडायची भीती असेल तिथे कोयता हातात, पात्याची बाजू बाहेर. आणि गाडीत, एसटीत, मोटरसायकलवर आकडी पूर्णपणे निरुपयोगी.

तिथे मी स्वतःचं डोकं चालवलं. दीड फूट पीव्हीसी पाइप उभा चिरला, गॅसच्या ज्योतीवर दूरून फिरवत मऊ केला, दोन फळ्यांत दाबून सपाट केला, परत तापवून पात्यावर दुमडला. पीव्हीसी ऐंशी-नव्वद अंशांला ढिला पडतो, त्यामुळे जोर लागत नाही, पण खिडक्या उघड्या हव्यात आणि करपू द्यायचा नाही, धूर विषारी असतो. कडेला चार रिव्हेट, वर ट्यूबची पट्टी. कुरूप आहे. चोचीमुळे कोयता सरळ आत जात नाही, म्हणून एक बाजू अर्धी उघडी ठेवावी लागली. पण गाडीच्या डिकीत पातं कशाला लागत नाही.

डिकीतच, सीटखाली नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या पाचव्या वर्गात येतात, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी केलेली त्यातून वगळलेली आहेत. माझा कोयता अकरा इंचांचा, रुंदीला दोन इंचांच्या किंचित वर. मापाने आत, कामाने बाहेर. ते काम बागेत दिसतं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रात्री अकरा वाजता दिसेलच असं नाही, त्यात शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली हत्यार घेऊन फिरायला बंदीचे आदेश अधूनमधून लागू असतात. पुण्याला धारेसाठी आणायची हौस तर फिटलीच होती. कोयता आता गावीच असतो, ओटीवरच्या खुंटीला, आकडीसकट.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, एकदा जाऊन आलो. मेव्हण्याने पनवेलजवळ जागा घेतली आहे, त्याला असाच एक हवा होता. लोहाराने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “हात कुठचा त्यांचा?”

“डावखुरा आहे. पण जेवतो उजव्याने.”

“जेवायचं नाय विचारत. लाकडं कुठच्या हाताने तोडतात?”

मी म्हटलं, “अजून तोडलेलीच नाहीत कधी.”

त्याने पेन कानावर ठेवलं आणि लिहिलेल्या ओळीवर काट मारली. “मग त्यांना एक दिवस हिकडं पाठवा.”